न तपासलेलं पाणी

साकोलीच्या बस स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, फॉर्म भरून देणं, फोटो काढणं, असली कामं. रोज कोणी ना कोणी अपुरे कागद घेऊन येतं. कुणाच्या आधार कार्डावर आडनाव वेगळं, कुणाच्या कागदावरचा शिक्का पुसट. अशा वेळी "हे चालणार नाही, उद्या या" एवढंच म्हणायचं असतं. सगळे म्हणतात. माझ्या तोंडात ते वाक्य येतं आणि दातांशीच अडतं. मग मी विचारतो, "कुठून आलात?" मागची रांग कुरकुरते. बायको म्हणते, तुम्ही एका फॉर्मला अर्धा तास लावता, असं दुकान चालतं का? तिला मी काही सांगत नाही. सांगायचं तर भेंडारकर मॅडमपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्यांच्याविषयी मी आजवर कोणाशीच धड बोललेलो नाही.

हे केंद्र टाकण्याआधी मी पाच वर्षं एका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. एका लहानशा संस्थेची ती प्रयोगशाळा. तिचं नाव घ्यायचं कारण नाही, आता ती नाहीच. हायवेपासून आत, भाड्याच्या घराच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी, माझा संगणक आणि नमुने घ्यायची खिडकी. मागच्या खोलीत मॅडम.

मॅडमची उंची कमी, आवाज त्याहून कमी. एप्रन रोज धुतलेला, पण खिशांच्या कडा कसल्याशा औषधानं कायमच्या पिवळ्या पडलेल्या. वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. माहेर तुमसरकडच्या बपेऱ्याचं, एवढं त्यांच्या तोंडून कळलं होतं. बाकी घरचं त्या बोलत नसत आणि मीही विचारलं नाही. काचेची भांडी त्या दुसऱ्या कोणाला धुऊ देत नसत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, द्या, मी विसळतो." तर म्हणाल्या, "भांडं मी धुतलं नाही, तर निकालावर सही कशी करू?"

काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध पाण्यात सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं, अशी एक तपासणी असे. शेवटच्या थेंबाच्या वेळी त्या श्वास रोखत. मला तो न येणारा श्वास पुढच्या खोलीत ऐकू यायचा. माझी बोटंही टायपिंग सोडून थांबायची. मग त्यांनी नळी बंद केली की आम्ही दोघंही श्वास सोडायचो.

नमुन्याची बाटली आली की तिच्यावर फक्त नंबर चिकटवायचा, हे माझं काम. गाव, विहीर, आणणाऱ्याचं नाव माझ्या रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात. निकाल लिहून सही होईपर्यंत मॅडमना गाव कळता कामा नये, हा त्यांचाच नियम. "गाव कळलं की डोळा बिघडतो, नरेशभाऊ," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या वहीतही अशीच शिस्त होती. दिसलं ते पेननं लिहायचं, वाटलं ते पेन्सिलीनं, बाजूच्या समासात. महिनाअखेरी त्या खोडरबर घेऊन बसत आणि पेन्सिलीचं सगळं पुसून टाकत.

मोरेश्वर नावाचा त्यांचा चुलतभाऊ होता. साकोलीत त्याचा पाण्याच्या कॅनचा धंदा. लग्नकार्यात, दुकानांत त्याचेच निळे कॅन. त्याच्या पाण्याचा नमुना एकदा आला आणि निकाल खराब निघाला. मोरेश्वर पेढ्यांचा डबा घेऊन आला.

"ताई, तुले माहीत नव्हतं का, हे माहं पानी होय म्हनून?"

"नव्हतं. म्हणून तर त्या निकालावर माझा विश्वास आहे."

"आता तं माहीत झालं ना."

"आता उशीर झाला," मॅडम म्हणाल्या. "आकडा काही माझा नाही रे, मोरेश्वर. तो पाण्याचा आहे. मी नुसती लिहून घेते. तू टाकी साफ कर, फिल्टर बदल, मग आण. पुन्हा तपासून देते."

मोरेश्वर डबा उचलून गेला. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला आली, त्यांना नाही. लग्नाच्या दिवशी त्या नेहमीसारख्या आल्या, मागच्या खोलीत बसून डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी मात्र सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरगी दिसत होती कशी?" मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा कामाला लागल्या. त्या काळात मला वाटायचं, माणसानं असं असावं. जे आहे ते लिहावं, कोणाचं तोंड बघू नये, बस, काम संपलं. त्यांनाही तसंच वाटत असणार.

मग तो गुरुवार आला.

धान लोंबीवर आलं होतं. सकाळी सव्वाअकराच्या बसनं उतरून एक बाई खिडकीशी उभी राहिली. वनिता तिचं नाव. दिघोरीच्या रस्त्यावर आत एक टोला आहे, तलावावर मासेमारी करणाऱ्यांची वीस-पंचवीस घरं, तिथून आली होती. दिवस भरत आलेले. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तिच्या तोंडाला लुगड्याच्या चिंधीचा बोळा.

"पानी तपासाले आन्लं जी."

नियमात न बसणारं काही आलं की मी मॅडमना हाक मारायचो. त्या बाहेर आल्या. बाटली त्यांनी उजेडात धरली.

"कधी भरलं?"

"परवाच्या दिशी. काल बस भेटली नाही."

"बाटली कशानं धुतली?"

"राखेनं घासली. तीन डाव."

मॅडमनी तिला बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. रागावल्या नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. म्हणाल्या, "बाई, या बाटलीतलंच काही पाण्यात उतरलं असलं तर आम्ही तुमच्या विहिरीला उगाच नाव ठेवू. आणि दोन दिवसांचं शिळं पाणी खरं सांगत नाही. हे मी घेऊ शकत नाही."

"पन वास येते ना जी. विहिरीच्या अंगानं नाली गेली हाये, ते फुटली. पानी पडलं का सारी घान आत झिरपते. मी सांगून सांगून थकली, कोनी आयकत नाही. तुमचा कागद असल तं आयकतीन."

"कागद खरा पाहिजे ना पण."

मॅडमनी कपाटातून निर्जंतुक केलेली बाटली काढली. झाकण कसं धरायचं, बोट आत कसं लागू द्यायचं नाही, बादली किती खोल सोडायची, लेबलवर वार आणि वेळ कशी लिहायची, सगळं दोनदा करून दाखवलं. तिच्याकडून वदवूनही घेतलं. "सोमवारी सकाळी भरा आणि याच बसनं घेऊन या. आल्या आल्या लावते."

"सोमवारी येनं होते का नाही, माहीत नाही जी. आठवा सरला."

"मग कोणाच्या हाती पाठवा."

ती हो म्हणाली. नवी बाटली पदरात गुंडाळून निघाली. मॅडमनी सांगितलं तसं मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'नमुना अग्राह्य'. खोकल्याची बाटली खिडकीतच राहिली होती. जेवायच्या सुट्टीत मी ते पाणी मोरीत ओतलं आणि बाटली कचऱ्यात टाकली. मॅडमनी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. मीच केलं.

सोमवारी कोणी आलं नाही. मॅडमनी दुपारी एकदा विचारलं, "ती बाटली आली?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळांचे नमुने आले, त्यात आम्ही बुडून गेलो.

तीन आठवडे झाले असतील. कुठल्याशा गावात कावीळ पसरली, तिथं आरोग्य खात्याचं पथक गेलं, आणि तिथल्या पाण्याच्या बाटल्या आमच्याकडे आल्या. मी नेहमीसारखे नंबर लावले. नंबर लावताना गाव मला दिसलं होतं. मी बोललो नाही, कारण बोलायचं नाही असाच नियम होता. घाणीनं दूषित पाणी असलं की तपासणीच्या बाटलीतलं पाणी दिवसा-दोन दिवसांत काळं पडतं. सगळ्या बाटल्या काळ्या पडल्या. मॅडमनी निकाल लिहिला, सही केली, पेनचं टोपण लावलं, आणि विचारलं, "गाव कोणतं?"

मी सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "ती बाई?"

गावच्या आशाताईंचा नंबर मिळवून मी फोन लावला. वनिता चार दिवसांपूर्वी गेली होती. मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, पण गरोदरपणात ही कावीळ फार वाईट जाते. पोटातलं लेकरूही गेलं. टोल्यात आणखी काही जण आजारी होते, त्यातली दोन लहान पोरं होती. ती पुढं बरी झाली.

मॅडम मागच्या खोलीत गेल्या आणि भांडी धुवायला लागल्या. भांडी धुतलेलीच होती.

तेरावी झाल्यावर त्या म्हणाल्या, "नरेशभाऊ, मला तिथं घेऊन चला." मी म्हटलं, कशाला जाता, आपण काही चूक केलेली नाही. त्यांनी पर्स उचलली. माझ्या मोटरसायकलवर आम्ही गेलो. विहिरीवर लाकडाच्या फळ्या ठोकल्या होत्या. वनिताचा नवरा देवराम दारात जाळं विणत बसला होता. तिशीतला माणूस, पण बसला होता म्हाताऱ्यासारखा. त्यानं खाट टाकली, पाणी आणलं. मॅडमनी तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"देवराम, तुमची बायको आमच्याकडे आली होती. आजारी पडायच्या आधी. पाणी घेऊन."

"साकोलीले गेल्ती, हे माहीत हाये. मले तं तपासाले जातो म्हनली. दवाखान्यात."

"आमच्याकडे आली होती. बाटली नियमात बसत नव्हती. मी परत पाठवलं."

देवरामचे हात थांबले. मग त्यानं विचारलं, "बरोबर पाठोलं का चूक?"

"नियमानं बरोबर."

"नियमानं नाही इचारून राहिलो, म्याडम."

मॅडमनी तांब्या खाली ठेवला. मीच काहीतरी बोलायला गेलो, तसा देवराम उठून आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात आमची बाटली होती. निर्जंतुक केलेली, झाकण घट्ट. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं. लेबलवर वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, सोमवार, सकाळी साडेसात.

"त्याच दिशी तिले ताप भरला. कोनाच्या तरी हाती पाठवजा म्हने. मी तिच्याकडं पाहू का बाटलीकडं? ते तशीच फळीवर राह्यली." त्यानं बाटली पुढं केली. "आता तपासता काय?"

महिना उलटलेलं पाणी. त्यात आता काय उरलं असणार, काय मेलं असणार, काहीच सांगता येत नाही. खोकल्याच्या बाटलीतल्या पाण्यापेक्षा ते कितीतरी निरुपयोगी होतं. तोवर मॅडमनी एकही असला नमुना घेतलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी तो घेतला.

प्रयोगशाळेत येऊन त्यांनी हात धुतले, तपासणीची बाटली काढली, पाणी ओतलं, उबेच्या पेटीत ठेवलं. नंबर लावायला मला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी स्वच्छ. तिसऱ्या दिवशीही. काळेपणाचा एक धागासुद्धा नाही.

मला काय वाटलं सांगू? माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी जवळजवळ ओरडलोच, "बघा मॅडम! म्हणजे तेव्हा तपासलं असतं तरी साफच निघालं असतं!"

त्या माझ्याकडे वळल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. "नाही," त्या म्हणाल्या. "ही बाटली काहीच सांगत नाही. महिनाभरात आतले जंतू मरतात. काळी पडली असती तर मी स्वतःला दोष दिला असता, तेही चूक झालं असतं. पण आता ती आपल्याला सोयीची निघाली, म्हणून तुम्ही ती खरी मानू नका."

डॉक्टरांनीही त्यांना सुटका देऊ केली होती. आमच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते. ते म्हणाले, हा आजार अंगात शिरल्यावर दिसायला काही आठवडे लागतात, म्हणजे ती बाई तुमच्या खिडकीत उभी होती तेव्हाच तिच्या अंगात तो होता, तुम्ही काही करू शकला नसता. मॅडम म्हणाल्या, "ते खरं असेल, डॉक्टरसाहेब. पण गुरुवारी मला ते माहीत नव्हतं. मी तिला परत पाठवलं ते काही त्यासाठी नाही." मग माझ्याकडे न बघता, "आणि ती दोन पोरं नंतर आजारी पडली."

एकदा, काही कारण नसताना, त्या काम थांबवून मला म्हणाल्या, "तिनं नाली फुटल्याचं सांगितलं होतं. वास येतो म्हणाली होती. रोज ती विहीर बघणारी बाई, तिचं नाक, तिचे डोळे. तो पुरावा नव्हता का? मी आपली बाटलीकडे बघत राहिले."

त्यानंतर सोमवार बदलले. सव्वाअकराच्या सुमाराला त्या मागच्या खोलीतून पुढं येत. कधी फाईल हवी असे, कधी कात्री. खिडकीतून हायवेवरचा थांबा दिसायचा; बस थांबायची, माणसं उतरायची. उतरणाऱ्या प्रत्येकाकडे त्यांची नजर जायची, विशेषतः बायकांच्या हातांकडे. बस निघून गेली की त्या फाईल न घेताच परत जायच्या. उन्हाळ्यात लू चालते म्हणून आम्ही खिडकी लावून घेत असू, पण सोमवारी ती उघडी राहायची. मी कधी हटकलं नाही. मला स्वतःला खिडकीच्या कठड्यावर बाटलीचा ओला गोल दिसायचा. मी कापडानं पुसायचो. कापड कोरडंच निघायचं.

पुढच्या वर्षी उलटं झालं.

साकोलीजवळच्या एका गावातला, तलावाकाठच्या बोअरिंगचा नमुना होता. पहिल्याच दिवशी बाटलीतलं पाणी करडं दिसायला लागलं. काळं नव्हे, करडं. एरवी अशा वेळी मॅडम दुसरा नमुना मागवायच्या आणि तोवर गप्प राहायच्या. या वेळी त्यांनी माझं रजिस्टर मागितलं. मी ड्रॉवर उघडला. त्यांनी तिथल्या तिथे सरपंचांना फोन लावला, "पाणी पिऊ नका. बंद करा."

गावानं बोअरिंग बंद केलं. पण बोलणं बोअरिंगपाशी थांबतं का? दुसऱ्या दिवशी बाजारात बोलणं होतं की तलावच नासला. त्या तलावातली मासोळी कोणी हातात धरेना. बायका दूरच्या विहिरीवरून पाणी वाहू लागल्या. दुसरा नमुना आला, साफ. तिसरा आला, साफ. शोध घेतला तेव्हा कळलं की आमच्याच बाटल्यांची एक खेप नीट निर्जंतुक झाली नव्हती. ज्या भांड्यांवर त्यांचा एवढा भरवसा होता, ती भांडी.

त्या गावची शेवंताबाई नावाची मासे विकणारी बाई टोपली घेऊन आली आणि आमच्या पायरीवर उलटी केली. रोहू, कतला, पोटं फुगलेली.

"घ्या, तपासा आता," ती म्हणाली. "तुमच्या एका फोनानं आमचा हंगाम गेला. तुमाले काय होते जी, तुमी तं फोन ठेवून देता. माहे लेकरं कोनाच्या दारात जातीन?"

मॅडम पायरीवर उभ्या राहिल्या. खाली बघत नव्हत्या, शेवंताबाईच्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "माह्या हातानं चूक झाली, बाई. बाजारात येऊन सांगतो मी." आमच्याशी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडी बपेऱ्याची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. आणि त्या गेल्या. आठवडी बाजाराच्या दिवशी मासोळीच्या रांगेत उभ्या राहून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की तलाव चांगला आहे, चूक आमची आहे. निम्म्या लोकांना कळलंच नाही ही बाई काय सांगते आहे. मग त्यांनी शेवंताबाईकडून रोहू घेतली आणि पिशवीत टाकून सगळ्यांसमोरून चालत आणली.

पायरीवरचा वास बरेच दिवस गेला नाही. त्या वासातच बसून एकदा त्या बोलल्या. त्यांचं एवढं लांब बोलणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

"मी मोरेश्वरला म्हटलं होतं, आकडा पाण्याचा आहे. ते अजूनही खरं आहे. त्यात मी माझं मन घालणार नाही, कोणी कितीही रडलं तरी. पण किती खात्री झाल्यावर तोंड उघडायचं, हे पाणी नाही सांगत, नरेशभाऊ. ते मी ठरवते. उशीर केला तर एक जण भोगतो, घाई केली तर दुसरा. मी इतकी वर्षं समजत होते की मी काहीच ठरवत नाही."

त्यांनी निकालाचा कागद बदलला. मलाच टाईप करायला लावला. आधी काय दिसलं. मग त्याची खात्री किती. आणि त्याखाली, आम्ही चुकलो असलो तर कोणाला त्रास होईल. हा कागद नुसता पाठवायचा नाही, गावात जाऊन वाचून दाखवायचा आणि लोकांना विचारायचं, कसं करायचं. संस्थेचे सचिव आले, कागद पाहिला, म्हणाले, "मॅडम, हे शेवटचं काढा. हे विज्ञान नाही. लोकांना ठाम सांगा, नाहीतर ते आपल्यावर विश्वास कसा ठेवतील?"

"ते आधीही होतं, साहेब," मॅडम म्हणाल्या. "फक्त आपण ते त्यांना न विचारता ठरवत होतो."

सचिवांनी कागद टेबलावर परत ठेवला.

एका गावात मी त्यांच्यासोबत होतो. शाळेच्या विहिरीचा निकाल धड इकडे नाही, धड तिकडे नाही. मॅडमनी आवारात बायकांसमोर कागद वाचला, आणि खात्री नाही म्हणून सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे तुमालेच माहीत नाही तं." मॅडम म्हणाल्या, "पूर्ण माहीत नाही. चार दिवस लागतील." थोडा गोंगाट झाला. मग बायकांनीच ठरवलं, विहीर बंद करायची नाही, पण लेकरांचं पाणी चार दिवस उकळायचं, आळीपाळीनं एकेका घरी.

वर्षभरात संस्थेनं प्रयोगशाळा बंद केली. कारण आम्हाला कळवलं नाही. शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळी भांडी धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून पेट्यांत भरली. सगळ्या वह्या संस्थेकडे गेल्या. जाण्याआधी मी शेवटची वही उघडून पाहिली. गेल्या दोन वर्षांतलं समासातलं पेन्सिलीचं लिखाण त्यांनी पुसलेलं नव्हतं. ते सगळं तसंच होतं, पानामागून पान. मी वाचलं नाही. मिटून पेटीत ठेवली.

नंतर त्या बपेऱ्याला भावाकडे राहायला गेल्या असं कळलं. फोन करावा असं पुष्कळदा वाटलं, केला नाही.

या हिवाळ्यात त्या मला दिसल्या. केंद्राचं शटर अर्धं ओढून चहाला निघालो होतो, तर समोर तुमसरच्या बसची वाट बघत बाकावर बसलेल्या. केस पूर्ण पांढरे. अंगावर राखाडी शाल. मी जवळ गेलो तर आधी ओळखलं नाही, मग एकदम "नरेशभाऊ!" म्हणून हात धरला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तेच दाखवायला आल्या होत्या. उन्हाचं पाणी येतं, म्हणाल्या. माझ्या मुलीचं विचारलं. भावाच्या वाडीतले जांब, म्हणजे पेरू, पिशवीत होते, त्यातले दोन जबरदस्तीनं माझ्या हातात कोंबले. गुडघे दुखतात, थंडी यंदा जास्त आहे, असं बोलत राहिल्या. मला एक गोष्ट सांगायची होती त्यांना. खोकल्याच्या बाटलीतलं पाणी मी ओतलं, हे मी कधीच बोललो नव्हतो. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बस लागली.

गर्दी होती. मी त्यांची पिशवी धरून दारापर्यंत गेलो. त्या चढल्या, पुढच्या बाजूला खिडकीपाशी त्यांना जागा मिळाली. काचेतून त्यांनी मला हात केला. माणसं चढतच होती, पोती, पेट्या, लेकरं. कंडक्टरनं दार ओढलं, घंटी मारली.

बस वळायच्या आधी मी पुन्हा पाहिलं, तर त्या खिडकीत दुसरंच कोणी बसलं होतं, मला फक्त डोक्यावरचा पदर दिसला. मॅडम मधल्या जागेत दांडी धरून उभ्या होत्या, पाठमोऱ्या, राखाडी शाल एका खांद्यावरून घसरलेली. का उठल्या, ते मला दिसलं नाही.